काणीचं कुळ

१. काळं कणीस म्हणजे काणीच का?

"ज्वारीचं कणीस काळं पडलंय, ही काणीच का? आणि दळून खाल्ली तर चालेल का?" बिदरहून औरादकडे जाताना संतपूर लागतं. तिथल्या शिवारात आणि पुढे पार उदगीरपर्यंत, ज्वारी पेरणाऱ्या घरांत हे दोन प्रश्न जोडीनेच येतात. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, औराद-संतपूरचा भाग म्हैसूर राज्यात गेला. पीक दोन्हीकडे तेच राहिलं आणि पिकावरचे रोगही तेच. मराठी घर जिला काणी म्हणतं तिला शेजारचं कन्नड घर काडिगे म्हणतं.

कणीस काळं पडण्याची निदान तीन कारणं आहेत आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. पहिलं कारण पाऊस. खरिपाची ज्वारी दाणा पक्व होताना पावसात सापडली की दाण्यावर काळी, राखाडी, कधी गुलाबी बुरशी चढते. दाणा जागेवरच असतो. नखाने फोडला तर आत पीठ दिसतं. ही फ्युजेरियम, कर्व्ह्युलेरिया वगैरे बुरश्यांची करणी. दुसरं कारण चिकटा, म्हणजे अरगट. ज्वारी फुलोऱ्यात असताना हवा ढगाळ आणि दमट राहिली तर फुलांतून गोड, चिकट द्रव ठिबकतो आणि त्यावर मागाहून दुसरीच काळी बुरशी पोसते. तिसरी काणी. इथे दाणा काळा पडलेला नसतो, तो तयारच झालेला नसतो. त्याच्या जागी एक बंद पिशवी असते आणि पिशवीत काळी भुकटी.

खाण्याचं म्हणाल तर लोकांना सर्वांत जास्त भीती काणीची वाटते, कारण ती सर्वांत काळी दिसते. खरी भीती बाकीच्या दोघांची धरायला हवी. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेली, बुरसटलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचं मूळ फ्युमोनिसिन या फ्युजेरियमच्या विषात शोधलं. अरगटाने माणसं आजारी पडल्याच्या नोंदीही आपल्याकडे आहेत, त्या मुख्यतः बाजरीवरच्या अरगटाच्या. काणीच्या भुकटीत असं विष आढळलेलं नाही. ती पीठ काळपट करते, भाकरीची चव घालवते आणि मळणीच्या वेळी उडालेली तिची धूळ दमेकऱ्याला त्रास देते. म्हणून काणीची कणसं वेगळी काढायचीच, पण काणी दिसली म्हणून घाबरायचं आणि बुरसटलेली ज्वारी मात्र "धुऊन वाळवली की झालं" म्हणून दळायची, हे उफराटं आहे.

२. हे कुळ बसतं कुठे

बुरशीला शास्त्रात कवक म्हणतात. कवक म्हणजे वनस्पती नव्हे. त्याच्याकडे हरितद्रव्य नसतं, त्यामुळे अन्न तयार करता येत नाही. दुसऱ्याचं अन्न शोषून घ्यावं लागतं. कवकांची वर्गवारी करताना विभाग, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती अशा पायऱ्या उतरत यायचं असतं. जितकं खाली उतराल तितकं नातं जवळचं.

काणीचा विभाग बेसिडिओमायकोटा. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या छत्र्या आणि खायची अळंबी याच विभागातली. दिसण्यात काडीचं साम्य नाही, तरी नातं आहे, कारण या सगळ्यांत बेसिडियम नावाची एक खास पेशी असते आणि तिच्या बाहेरच्या अंगाला बीजाणू धरतात. बीजाणू म्हणजे कवकाचं बी; फक्त त्यात गर्भ नसतो, बहुतेकदा एकच पेशी असते. विभागाखाली वर्ग युस्टिलॅजिनोमायसीट्स, त्याखाली गण युस्टिलॅजिनेलीझ, आणि त्याखाली आपलं कुल, युस्टिलॅजिनेसी. लुई-रेने आणि शार्ल त्युलान या फ्रेंच भावांनी १८४७ साली ते मांडलं. आज त्यात सहाशेच्या आसपास जाती मोजल्या जातात.

या कुळाची पहिली खूण म्हणजे त्याची निवड. यातल्या जवळजवळ सगळ्या जाती गवतांवर जगतात. ज्वारी, बाजरी, मका, गहू, ऊस हीदेखील गवतंच. भेंडीवर किंवा तुरीवर या कुळातली काणी शोधू नये. दुसरी खूण काळी किंवा गडद तपकिरी भुकटी, आणि तीही बहुधा झाडाच्या फुलात, दाण्यात किंवा शेंड्यात. तिसरी खूण उघड्या डोळ्यांना दिसत नाही: एकाच बुरशीचे दोन जन्म असतात. एक सुटा, यीस्टसारखा, नुसत्या साखरपाण्यावरही वाढणारा; दुसरा तंतूंचा, जिवंत गवताशिवाय जगू न शकणारा.

काळी भुकटी एवढ्यावरच नातं लावलं तर मात्र चूक होते आणि ती चूक शास्त्रज्ञांनीही दीर्घकाळ केली. गव्हावरची करनाल बंट हा रोग घ्या. १९३१ साली मित्रा यांनी तो करनालच्या गव्हावरून वर्णिला. गव्हाचा दाणा आतून काळा होतो आणि त्याला सडक्या मासळीचा वास येतो. काळी भुकटी, गवताचंच पीक, दाण्यातच ठाण, काणीच वाटावी. पण तिचा बीजाणू रुजतो तो वेगळ्या रीतीने: नळीच्या टोकावर बीजाणूंचा झुबका येतो, काणीच्या नळीत पडतात तसे आडवे पडदे पडत नाहीत. १९९७ साली बावर, ओबरविंकलर आणि वान्की यांनी पेशींची सूक्ष्म रचना तपासून या बुरश्यांची वाटणी नव्याने केली, तेव्हा ही मंडळी वेगळ्या गटात गेली. गव्हाचा तांबेरा तर आणखी लांबचा.

उलट, जिथे कोणी नातं शोधलं नसतं तिथे ते निघालं. आपल्या डोक्यातल्या कोंड्याशी जिचा संबंध आहे ती मॅलासेझिया ही यीस्ट काणीच्याच उपविभागातली आहे. २०१४ साली तिला तिथे स्वतंत्र वर्ग मिळाला. ती गवत सोडून माणसाच्या आणि जनावरांच्या कातडीवरच्या तेलावर राहिली आणि तिथेच रमली.

३. काणीचा एक दाणा उघडून

ज्वारीत सर्वांत जास्त दिसणारी दाणे काणी हाताशी घेऊ. शास्त्रीय नाव स्पोरिसोरियम सॉर्घी. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, लातूर, बिदर, कलबुर्गीकडची माणसं शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात, भज्जी आणि आंबील होते. त्या सुमाराला सप्टेंबरअखेर पेरलेली रब्बी ज्वारी निसवून दाण्यात येत असते. काणी बघायची ती तेव्हाच.

कणीस दुरून चांगलं दिसतं. जवळ गेल्यावर काही दाणे निराळे लागतात: जरा लांबोडके, टोकाशी निमुळते, रंगाने मळकट पांढरे किंवा राखाडी, आणि कुसांतून बाहेर डोकावणारे. शेजारचा चांगला दाणा दुधात असताना दाबला तर पांढरा रस येतो. हा दाबला तर आधी जरा ताणला जातो, मग फुटतो आणि बोटाला काळी भुकटी लागते. फुटलेलं टरफल बुरशीच्याच पेशींचं असतं, दाण्याचं नव्हे. मधोमध एक बारीक टणक दांडा उभा राहतो. तो झाडाच्या ऊतीचा शिल्लक भाग. दांडा आणि टरफल यांच्यामधली सगळी जागा बीजाणूंनी भरलेली. भुकटी चिमटीत चोळली तर खरखर लागत नाही, बोटं गुळगुळीत होतात.

एक बीजाणू साधारण ६ मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर १६० च्या वर बीजाणू ओळीने बसतील. लांबी, रुंदी, उंची अशी तिन्हीकडे हीच संख्या धरली तर एक घन मिलिमीटरमध्ये ४० लाखांहून अधिक. काणीच्या एका दाण्यात दांडा आणि रिकाम्या फटी सोडून १० घन मिलिमीटर भुकटी आहे असं धरलं, तर एका दाण्यात चार कोटींच्या वर बीजाणू झाले. एका कणसात असे शंभर दाणे असले तर चारशे कोटी. मळणीत एखादं काणीचं कणीस चुकून आलं तरी खळ्यावरची सगळी ज्वारी कशी बाधते, ते या हिशेबावरून कळतं.

४. बीजाणू ते बीजाणू

पूर्वी लोकांना वाटे की काणी ही झाडाच्या आतल्या बिघाडातूनच निपजते, झाडाचा रसच बिघडून काळा होतो. १८५३ साली अवघ्या बावीस वर्षांच्या अँटन द बारी या जर्मन अभ्यासकाने तांबेरा आणि काणीच्या बुरश्यांवर पुस्तक लिहून दाखवलं की बुरशी आधी असते, रोग मागून येतो. वनस्पतिरोगशास्त्राचा पाया म्हणून हे काम आजही सांगितलं जातं.

जमिनीत ओल मिळाली की बीजाणू रुजतो. त्यातून आखूड नळी निघते आणि तीत तीन आडवे पडदे पडून चार पेशी होतात. हेच ते बेसिडियम. प्रत्येक पेशीच्या अंगावर बारीक कळ्या फुटतात, गळून पडतात आणि यीस्टसारख्या एकीतून दुसरी अशा वाढत राहतात. या सुट्या पेशी एकट्याने झाडाचं काहीही बिघडवू शकत नाहीत. काणी व्हायची तर दोन पेशींनी एकत्र यावं लागतं, आणि तेही कुठल्याही दोघींनी नव्हे. आपल्याकडे देवक एक निघालं की सोयरीक मोडते. इथेही तसंच आहे. प्रत्येक पेशीकडे जोडी ठरवणाऱ्या जनुकांच्या दोन जागा असतात, त्यांना अ आणि ब म्हणू. 'अ' जागेवरच्या जनुकातून एक रसायन बाहेर पडतं. ते समोरच्या पेशीला ओळखता आलं, म्हणजे तिचा 'अ' निराळा असला, तरच दोघी एकमेकींकडे वाढत येऊन जुळतात. जुळल्यावर 'ब' तपासला जातो. तोही निराळा असेल तरच पुढचा जन्म मिळतो, नाहीतर तिथेच थांबतं. मक्याच्या काणीत 'अ' चे दोनच प्रकार आहेत, 'ब' चे मात्र पुष्कळ. त्यामुळे परक्या पेशीशी गाठ पडली तर जुळण्याची शक्यता भरपूर राहते.

जुळणी झाली की यीस्टचं जगणं संपतं. आता ती एक तंतू असते, आणि त्या तंतूला जिवंत रोप लवकर सापडलं नाही तर तो मरतो. रोप सापडलं तर तो कोवळ्या कोंबात शिरतो, वाढत्या शेंड्यापर्यंत पोचतो आणि शेंड्याबरोबर वर वर जात राहतो. मला या कुळातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. झाड मरत नाही, पिवळं पडत नाही, बहुतेकदा खुरटतही नाही. दोन-अडीच महिने शेतकरी त्या झाडाला निरोगी म्हणूनच जपतो. कणीस धरायला लागलं, झाड आपलं अन्न दाण्याकडे वळवायला लागलं, की तंतू त्या फुलोऱ्यात भराभर वाढतात, त्यांचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा जाड भिंतीचा काळा बीजाणू होतो. अन्न सर्वांत जास्त असतं ती जागा आणि वारा सर्वांत चांगला लागतो ती उंची, दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात.

या दोन जन्मांमुळे काणी प्रयोगशाळेत फार कामाची ठरली. यीस्टच्या रूपात ती बशीत वाढवता येते आणि जोड्या हव्या तशा लावता येतात. मक्याच्या काणीवर काम करणाऱ्या रॉबिन हॉलिडे यांनी १९६४ साली डीएनएच्या दोन धाग्यांची अदलाबदल कशी होत असेल याचं चित्र मांडलं. चार फाट्यांच्या त्या सांध्याला जगभर हॉलिडे यांचंच नाव आहे. स्त्रियांच्या स्तनकर्करोगाशी संबंधित जे बीआरसीए-२ जनुक आहे, त्याचा भाऊबंदही या बुरशीत सापडला आणि डीएनए दुरुस्तीत ते जनुक काय करतं याचा अभ्यास तिच्यावर झाला.

५. ज्वारीच्या चार काण्या

ज्वारीवर या कुळातल्या चार जाती येतात. शेतकऱ्याने त्या वेगळ्या ओळखायच्या त्या हौसेखातर नव्हे. प्रत्येकीची झाडात शिरण्याची वेळ आणि वाट वेगळी आहे आणि उपाय त्या वाटेवरच करावा लागतो.

दाणे काणी वर पाहिली. तिचे बीजाणू मळणीत चांगल्या दाण्याच्या पाठीवर चिकटतात, पोत्यात वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि पेरणीनंतर दाण्याबरोबरच रुजतात. कोंब जमिनीबाहेर येईपर्यंतच त्यांना आत शिरता येतं. एकदा रोप वर आलं की संधी गेली. म्हणून जमीन थंड असली किंवा बी खोल पडून उगवायला वेळ लागला की काणी वाढते.

मोकळी काणी, स्पोरिसोरियम क्रुएन्टम, हीही बियाण्यावरूनच येते, पण झाडाला बदलून टाकते. झाड बुटकं राहतं, ताटं बारीक होतात, फुटवे वाढतात आणि कणीस इतरांच्या आधी निसवतं. शेतात घाईने निसवलेलं बुटकं झाड दिसलं तर त्याकडे आधी बघावं. दाण्यावरचं टरफल इतकं पातळ असतं की निसवल्याबरोबर फाटतं, भुकटी उडून जाते आणि मागे वाकडे काळे दांडे तेवढे उरतात.

तिसरी झिपरी काणी, स्पोरिसोरियम रायलियानम. इथे सुटे दाणे नसतात, अख्ख्या कणसाचीच एक गाठ होते. पोटरीतून ती बाहेर येते तेव्हा पांढऱ्या पातळ पडद्यात गुंडाळलेली असते. पडदा फाटतो, भुकटी वाऱ्यावर जाते आणि झाडाच्या अन्नवाहिन्यांचा काळा गुंता लोंबत राहतो. ही जमिनीतून येते. तिचे बीजाणू मातीत काही वर्षं टिकतात, म्हणून बियाण्याला कितीही औषध चोळलं तरी पूर्ण बंदोबस्त होत नाही. पडदा फाटायच्या आत गाठ पिशवीत घालून कापायची, जाळायची, आणि त्या रानात पुढच्या साली ज्वारी किंवा मका घ्यायचा नाही. मक्यावरही हीच जात येते.

चौथी लांब काणी, स्पोरिसोरियम एरेनबर्गी. जुन्या पुस्तकांत हिची प्रजाती टॉलिपोस्पोरियम अशी सापडेल. कणसात मोजकेच दाणे बाधलेले, पण प्रत्येक पिशवी लांब, जराशी वाकडी, कधी चार सेंटिमीटरपर्यंत. आत मधला दांडा नसतो, काळे धागे असतात आणि बीजाणू एकेकटे नसून गोळ्यांत असतात. हिचे बीजाणू वाऱ्याने येऊन पोटरीतल्या फुलांवर पडतात आणि थेट तिथेच शिरतात. म्हणून दाणे काणीत एका झाडाचे पुष्कळ दाणे जातात आणि लांब काणीत सुटे सुटे.

आता उपाय आपोआप कळतात. पहिल्या दोघी बियाण्याच्या पाठीवर बसून येतात, तर बियाण्याची पाठच साफ करायची. ३०० मेश गंधकाची भुकटी किलोला ४ ग्रॅम चोळा, ही शिफारस मराठी आणि कन्नड दोन्ही पत्रकांत पिढ्यान् पिढ्या छापली गेली आहे. रब्बी ज्वारीचं बी एकरी ४ किलो धरलं तर गंधक लागतं १६ ग्रॅम. बी आणि गंधक मडक्यात किंवा डब्यात घालून दाण्यादाण्याला भुकटी लागेपर्यंत हलवायचं, एवढंच काम. गंधकाआधी मोरचुदाच्या पाण्यात बी बुडवत. जी. एस. कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातल्या ज्वारीच्या काण्यांवर केलेला अभ्यास १९१८ साली पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. बियाण्यावरून येणारी काणी आणि इतर मार्गांनी येणारी काणी हा भेद तेव्हापासून इथल्या शेतीखात्याच्या कामाचा आधार आहे. इतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसऱ्या एखाद्या पीकरोगाला क्वचितच मिळाला असेल. पिशवीतलं बी प्रक्रिया करूनच येतं. पण घरचं मालदांडीचं बी ठेवणारी घरं आजही आहेत, आणि ते सोळा ग्रॅम विसरले जातात ते तिथेच.

लांब काणीला मात्र गंधकाचा उपयोग नाही. बी स्वच्छ असलं तरी बीजाणू वाऱ्याने शेजारच्या रानातून येतात. "औषध लावलं तरी काणी आली" ही तक्रार आली तर आधी विचारावं, काणी कोणती?

६. ऊस आणि गहू

उसाच्या फडात शेंड्यातून काळा लांब चाबूक निघतो, ती चाबूक काणी, स्पोरिसोरियम सायटॅमिनियम. तिची पहिली नोंद १८७७ सालची, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळची. चाबूक हातभर, कधी त्याहूनही लांब. कोवळा असताना रुपेरी पातळ आवरणात, मग काळा. निघण्याआधी बेट गवताळ होतं, कांड्या बारीक होतात, पानं अरुंद आणि ताठ. वाऱ्यावर गेलेले बीजाणू उभ्या उसाच्या डोळ्यात शिरतात आणि तिथे गप्प राहतात. त्या उसाचं बेणं केलं की नव्या लागणीत काणी. खोडव्यात ती लागणीपेक्षा जास्त दिसते, कारण बुडख्यातच मुक्काम असतो. बेणं ५० अंश सेल्सिअस गरम पाण्यात दोन तास ठेवलं तर आतली बुरशी मरते आणि डोळा जगतो. चाबूक तसाच उपटणं म्हणजे सगळ्या फडात भुकटी उडवणं. आधी त्यावर ओली गोणी किंवा प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, मग कापायचं आणि बेट मुळासकट काढून जाळायचं.

गव्हाची काणी, युस्टिलॅगो ट्रिटिसी, आणखी आत जाते. गहू फुलात असताना बीजाणू उडून फुलात पडतात, तंतू तयार होत असलेल्या दाण्याच्या गर्भातच जाऊन झोपतो. दाणा वरून टपोरा, निरोगी. कोणत्याही चाळणीत सापडणार नाही. पाठीवर चोळलेलं गंधक इथे काय करणार? लायलपूरला लुथरा आणि सत्तार यांनी १९३४ साली एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. मे-जूनमध्ये सकाळी गहू चार तास पाण्यात भिजवायचा आणि भर दुपारी पातळ पसरून उन्हात खडखडीत वाळवायचा. भिजल्याने झोपलेला तंतू जागा होतो, आणि जागा झालेला तंतू उन्हाचा ताव सोसत नाही. गर्भ मात्र सोसतो. १९६६ साली कार्बोक्सिन आलं. बियाण्यात मुरून आतल्या बुरशीला मारणारं ते पहिल्या औषधांपैकी एक. ज्यांच्यासाठी ते आधी वापरून पाहिलं त्यांत याच कुळातली सातूची काणी होती.

७. बांधावरची हराळी

पीक नसलं तरी हे कुळ बघायला मिळतं. बांधावर, रस्त्याच्या कडेला, देवळाच्या आवारात हराळी असतेच, आणि तीच आपली दूर्वा. तिच्या तुऱ्याची बोटं हिरवी-जांभळी असायला हवीत. काही ठिकाणी ती काळी आणि आखडलेली असतात. ती युस्टिलॅगो सायनोडॉन्टिस. हराळी वर्षानुवर्षं जगते, तिच्या कांड्या जमिनीलगत पसरतात, आणि बुरशीही त्याच कांड्यांत राहून दर फुलोऱ्याला वर येते. ज्वारीवर ही येत नाही. या कुळातल्या बहुतेक जाती एका किंवा मोजक्याच गवतांशी बांधलेल्या असतात. हराळीची काणी बघून ज्वारीची चिंता करू नये. शाळेतल्या मुलांना काणी दाखवायची असेल तर हराळीइतकं सोयीचं काही नाही. तुरा कागदावर झटकला की भुकटी पडते आणि साध्या सूक्ष्मदर्शकात बीजाणू दिसतात.

८. नावं बदलली, माणसं लक्षात राहावीत

या प्रकरणातली नावं जुन्या पुस्तकांशी ताडून बघितली तर जुळणार नाहीत. दाणे काणी कुलकर्णींच्या काळी स्फॅसेलोथिका होती, उसाची काणी युस्टिलॅगो होती. मक्याच्या प्रसिद्ध काणीलाही २०१६ साली मायकोसार्कोमा ही वेगळी प्रजाती सुचवली गेली. प्रयोगशाळांत अजून बहुतेक जण जुनंच नाव वापरतात. शास्त्रज्ञ उगाच नावं बदलतात असं वाचकांना वाटतं. तसं नाही. डीएनए ताडल्यावर ज्या जाती सख्ख्या समजल्या होत्या त्या चुलत निघाल्या तर नाव बदलावंच लागतं.

हिंदुस्थानातल्या काण्यांची मोजदाद करणारं पहिलं मोठं काम बी. बी. मुंडकूर आणि एम. जे. तिरुमलाचार यांचं. दोघेही आजच्या कर्नाटकच्या मातीतले. मुंडकूर यांनी १९४७ साली भारतीय वनस्पतिरोग संस्था उभी केली. दोघांचा भारतातल्या काणी-बुरश्यांवरचा ग्रंथ १९५२ साली क्यू इथल्या कवकविज्ञान संस्थेने काढला, आणि त्याच वर्षी मुंडकूर गेले. तिरुमलाचार पुढे पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये आले आणि तिथे हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक त्यांच्या हातून सापडलं. पिकांवरच्या बुरशीची ओळख करून घेता घेता हा माणूस रोग्याच्या अंगावरच्या बुरशीचं औषध शोधण्यापर्यंत पोचला. मराठी शालेय पुस्तकांत त्यांचं नाव असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. त्यानंतरची मोठी मोजदाद काल्मान वान्की यांची. ते शिक्षणाने वैद्यकीय डॉक्टर, पण आयुष्य काण्यांना दिलेलं. भारतीय उपखंडातल्या काण्यांवरचं त्यांचं पुस्तक २००७ चं आहे.

९. खाण्याजोगी आणि कामाची काणी

मेक्सिकोत मक्याच्या कोवळ्या काणीला वित्लाकोचे म्हणतात आणि ती चांगल्या कणसापेक्षा महाग विकली जाते. पण त्यासाठी मेक्सिकोपर्यंत जायची गरज नाही. मणिपूरच्या बाजारात इशिंग कंबोंग मिळतं. तळ्याकाठी वाढणाऱ्या झिझानिया या गवताच्या खोडात याच कुळातली युस्टिलॅगो एस्क्युलेंटा शिरते, खोड फुगतं, कोवळं आणि लुसलुशीत होतं आणि लोक ते कच्चंही खातात आणि शिजवूनही. काणी नसेल तर खोड बारीकच राहतं. म्हणून तिथले लोक काणी लागलेलंच गवत लावतात.

शेवटची गोष्ट अंटार्क्टिकाची. तिथल्या व्हांडा सरोवरातून एक यीस्ट मिळाली आणि तिला कँडिडा अंटार्क्टिका असं नाव पडलं. तिच्यापासून मिळणारं लायपेझ-बी हे विकर आज औषधं, सुवासिक द्रव्यं आणि तेलाचे पदार्थ बनवणाऱ्या कारखान्यांत जगभर वापरलं जातं. डीएनए तपासलं तेव्हा ती कँडिडा नाही, काणीच्या कुळातली आहे, असं निघालं. गवतावरचा तंतूंचा जन्म कोणी पाहिलेला नव्हता, फक्त यीस्टचा जन्म हाती लागला होता. तिची प्रजाती आता मोएझियोमायसीस. आपल्याकडे बाजरीच्या कणसात हिरवट, मग काळपट पडणाऱ्या टपोऱ्या पिशव्यांची जी काणी येते, तीही मोएझियोमायसीसच. विकराच्या बाटलीवर मात्र अजून कँडिडाच छापलेलं असतं.